नोव्हेंबर १९५६, दहा बाय बारा : सेट उभारणीच्या नोंदी

ह्या नोंदी मी आर्ट डिपार्टमेंटमधल्या मुलांसाठी लिहायला घेतल्या. पहिल्यांदाच पीरियड सेट, म्हणजे जुन्या काळातला सेट, करणाऱ्या कुणालाही त्या उपयोगी पडाव्यात. सिनेमा अजून लागायचा आहे म्हणून नाव देत नाही. गोष्ट गिरगावातल्या चाळीतली, दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आणि तिच्यापुढची गॅलरी. काळ नोव्हेंबर १९५६, म्हणजे द्विभाषिक मुंबई राज्य १ तारखेला अस्तित्वात आलं आणि चाळीचाळींतून संयुक्त महाराष्ट्राच्या सभा चालू होत्या, ते दिवस. आर्टचं बजेट अकरा लाख. माल, मजुरी, प्रॉपर्टीचं म्हणजे सेटवरच्या वस्तूंचं भाडं, टेम्पो, सगळं त्यातच.

९ जानेवारी

खऱ्या चाळी बघून झाल्या. तिथे शूट करायचं नाही हे आजच निर्मात्याच्या गळी उतरवलं. गॅलरीला लोखंडी जाळ्या आल्यात, खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाल्यात, भिंतींवर एसीची यंत्रं टांगलीत. ते झाकता येईल, पण पाणी यायच्या वेळेला आख्ख्या मजल्यावर बादल्यांचा जो आवाज होतो तो कसा झाकणार? आणि दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेरा, फोकस पुलर, बूमवाला आणि दोन नट उभे राहिले की दिग्दर्शकाला बाहेर जिन्यात बसावं लागतं.

मापं मात्र इथलीच घ्यायची. नवीन मुलं खोलीची लांबी-रुंदी मोजतात आणि निघतात. उंबऱ्याची उंची, खिडकीची पडदी जमिनीपासून किती, दाराच्या एका झडपेची रुंदी, कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर, मोरीचा कट्टा, हे सगळं लिहून घ्या. फोटो काढताना फ्रेममध्ये टेप धरा, नाहीतर घरी आल्यावर त्या फोटोतून काहीही मोजता येत नाही. छत अकरा फुटांच्या वर निघालं. चाळीची खोली बुटकी असते असं आपण मनात धरतो. ती अरुंद असते, बुटकी नसते. अरुंद जमीन आणि उंच भिंत, त्यामुळेच ती विहिरीसारखी वाटते.

१३ जानेवारी

पटकथा घेऊन बसलो. आमच्या धंद्यात ह्याला ब्रेकडाउन म्हणतात. प्रत्येक सीनमध्ये कुठली वस्तू दिसते, कुठली हाताळली जाते, कुठली फुटते याची यादी. पीरियड असला की त्याच बैठकीत सालं तपासून घ्यायची. आज सापडलेल्या गोष्टी :

नायकाची बहीण ‘पंचवीस पैसे दे’ म्हणते. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, त्यामुळे ‘चार आणे’. शेजारच्या खोलीतून विविधभारती ऐकू येते, पण ती सुरू झाली ३ ऑक्टोबर १९५७ ला. तेव्हा आकाशवाणीनं सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच केली होती आणि लोक रेडिओ सिलोन लावायचे, म्हणून सिलोन केलं. पाकिटावरच्या पत्त्यात पिनकोड लिहिलेला, तो आला १५ ऑगस्ट १९७२ ला. भिंतीवर ‘कालनिर्णय’, ते १९७३ पासूनचं. साखर ‘अर्धा किलो’, आणि किलो व्यवहारात यायला अजून अवकाश होता.

आणखी एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. नायक रेडिओचं बटण फिरवतो आणि लगेच गाणं लागतं. व्हॉल्व्हचा रेडिओ तापायला वेळ घेतो. दिग्दर्शकाला हे सांगितल्यावर ती खूश झाली. त्या रिकाम्या वेळात तिनं बाप-लेकाचं न बोलणं घातलं. आमच्या कामाचं असं चीज क्वचित होतं.

१८ जानेवारी

फ्लोअर, म्हणजे स्टुडिओतला शूटिंगचा हॉल, ताब्यात मिळाला. बांधणीच्या दिवसांनाही भाडं लागतं, शूटपेक्षा कमी दरानं, पण लागतं. म्हणून सुतार येण्याआधी जमिनीवर टेप मारून खोली आखून घेतली आणि नटांना त्यात चालवलं.

वाद आकाराचा झाला. कॅमेरामन म्हणाला खोली चौदा बाय सोळा कर, पडद्यावर कळत नाही. कळतं. मोठ्या खोलीत नट दोन पावलं चालून पाण्याच्या माठापाशी जातो. खऱ्या खोलीत तो बसल्या जागी वळून हात लांबवतो. चाळीतल्या माणसाचं अंग कसं वावरतं ते त्या दोन पावलांत हरवतं. शेवटी माप दहा बाय बाराच ठेवलं आणि तीन भिंती सुट्या केल्या, बोल्ट काढले की चाकांवर मागे सरकतील अशा. कॅमेरा भिंत जिथे होती तिथून बघेल, त्याला ३५ एमएमची लेन्स पुरेल, उगाच वाइड लावून खोली ताणायला नको.

चालवून पाहण्याचा दुसरा फायदा : दार आत उघडलं की ट्रंकेला आपटत होतं. कागदावर ते दिसलं नव्हतं. ट्रंक हलवली असती तर गोष्टीतल्या घरच्या बाईंचा झोपायचा कोपरा गेला असता. एका पाखाचं दार रद्द केलं, दोन झडपांचं केलं. रेकीत, म्हणजे खऱ्या चाळी बघायला गेलो तेव्हा, घेतलेलं झडपेचं माप इथे कामी आलं. चाळीत दोन झडपा का असतात ते आज कळलं म्हणा.

२४ जानेवारी

फ्लॅट, म्हणजे सेटच्या प्लायच्या भिंती, उभे राहिले. प्लायचा तक्ता आठ फुटांचा, भिंत अकरा फुटांची. त्यामुळे आठ फुटांवर आडवा सांधा येतोच. मिस्त्रींनी कापडाची पट्टी चिकटवून वर पुट्टी ओढली, समोरून बघितलं तर झकास. मग मी खिडकीच्या बाजूनं दिवा लावायला लावला. तिरप्या उजेडात सांधा भिंतभर उठून दिसला. आणि आमचा मुख्य उजेड खिडकीतूनच येणार.

घासून, परत पुट्टी देऊन बघितलं. थोडा फरक पडला, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. उत्तर रेकीच्या फोटोंत होतं. जुन्या खोल्यांना छताखाली भिंतीभोवती लाकडी फळी फिरवलेली असते, तिच्यावर डबे, गाद्या, सणाची भांडी. ती फळी आठ फुटांवर घेतली. सांधा तिच्या मागे गेला आणि डबे ठेवायला जागाही मिळाली. जोड लपवायला वेगळी युक्ती शोधण्याआधी खऱ्या घरात त्या उंचीवर काय असतं ते बघा, बहुतेक वेळा काहीतरी असतंच.

छताला तुळया आणि फळ्या केल्या, पण तीन तुकड्यांत, उचलता येतील अशा. वर तराफ्यांवर, म्हणजे टांगलेल्या फळ्यांवर, लाइटमन बसतात, त्यांना वाट पाहिजे.

२८ जानेवारी

आज वेळ गेला तो फरशीत. शहाबादी फरशी जड आणि महाग पडते म्हणून प्लायवर रंगवून घेतली होती. दिसायला इतकी चांगली की प्रॉडक्शनचा माणूस वाकून हात लावून गेला. संध्याकाळी साउंडवाला आला, अनवाणी चार पावलं चालला आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. ढब ढब ढब. सिंक साउंड आहे, म्हणजे आवाज सेटवरच रेकॉर्ड होणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, प्लायचा मजला पोकळ वाजतो हेही माहीत होतं. गालिचाच्या पट्ट्या खाली घालून भागेल असं धरून चालले होते. त्यानं आवाज कमी झाला, पण दगडाचा नाही झाला, गादीचा झाला.

प्लाय काढलं. फ्लोअरच्या सिमेंटवर बारीक रेती पसरून खऱ्या शहाबादी बसवल्या, चुना न घालता, नुसत्या टेकवून. खाली रेती नीट दाबली नाही तर फरशीचा कोपरा डुगडुगतो आणि तो आवाज प्लायपेक्षा वाईट. रंगवलेलं प्लाय, त्याची मजुरी आणि नवी फरशी मिळून साठ हजारांचा फटका. ते गॅलरीतून भरून काढले : चाळीस फुटांची गॅलरी सव्वीसवर आणली, पुढचा भाग व्हीएफएक्सवाल्यांच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र जोडणाऱ्यांच्या, पदरात टाकला.

१ फेब्रुवारी

खिडकीबाहेरचं बॅकिंग, म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचा पडदा. समोरच्या चाळीचा फोटो मोठा करून फ्लेक्सवर छापून आणला आणि खिडकीमागे टांगला. तीन गोष्टी चुकल्या. फ्लेक्स चकाकतं, दिवा लागला की समोरची चाळ ओली झाल्यासारखी दिसते. अंतर चारच फूट असल्यामुळे नट आणि समोरची चाळ दोन्ही सारख्याच स्पष्ट दिसत होते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, फोटो रस्त्यावरून वर बघत काढलेला. आपली खोली दुसऱ्या मजल्यावर, कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला. खिडकीतून समोरचा दुसरा मजला सरळ दिसायला हवा, इथे त्याच्या गॅलरीचं पोट दिसत होतं. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण खिडकी खोटी आहे हे त्याला कळेल. बॅकिंगची क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीशी जुळली नाही तर पुढे कितीही कारागिरी करा, फुकट.

फ्लेक्स गुंडाळून ठेवलं. पेंटर काकांनी मांजरपाटावर हातानं रंगवायचं मान्य केलं. काका कोल्हापूरचे. तिथले बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत पुढे आले, आणि मूकपट काढायला लागल्यावर त्यांनीच रंगवलेले पडदे बाजूला सारून उभे, भरीव सेट बांधले. त्यांच्याच कंपनीत तयार झालेले साहेबमामा फत्तेलाल पुढे प्रभात फिल्म कंपनीचे कलादिग्दर्शक झाले. पडदा रंगवणारा आणि भिंत बांधणारा हात तेव्हा एकच असायचा. आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होतं, भिंत एक जण बांधतो, पडदा दुसरीकडून छापून येतो, आणि मग असं समोरच्या गॅलरीचं पोट दिसतं.

कापड बारा फुटांवर नेलं. मध्ये दोन फूट रुंदीचा कठड्याचा खरा तुकडा उभा केला आणि त्यावर एक वाळत टाकलेलं धोतर. तेवढ्यानं खोली तयार झाली. खरी वस्तू एक, पुढे. बाकी रंग.

४ फेब्रुवारी

प्रॉपर्टी आली. चोर बाजारातून आणि भाड्यानं देणाऱ्यांकडून. असिस्टंट मुलानं जीव तोडून जमवलं होतं : गंजलेली ट्रंक, काळा पडलेला स्टोव्ह, पोपडे आलेला आरसा, पिवळं पडलेलं वर्तमानपत्र. सगळं खोलीत मांडलं आणि खोली जुन्या बाजारासारखी दिसायला लागली.

ह्या एका गोष्टीसाठी मी नोंदी लिहायला घेतल्या असं म्हटलं तरी चालेल. ट्रंक आज जुनी आहे. १९५६ साली ती बाईंच्या लग्नातली होती, म्हणजे आठ-नऊ वर्षांची. रंग शाबूत, कोपरे तेवढे घासलेले. स्टोव्ह पितळेचा, रोज राखेनं घासलेला, चकचकीत. आणि वर्तमानपत्र तर त्या दिवशी सकाळीच आलेलं, ते पिवळं कसं असेल? पीरियड म्हटलं की आर्टवाले वस्तू जुनी दिसावी म्हणून चहाचं पाणी घेऊन धावतात. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा : त्या दिवशी तुझं वय काय होतं?

रात्री बसून यादी केली. भिंत पन्नास वर्षांची. फळी तेवढीच. दार तेवढंच, पण कडी एकदा बदललेली. ट्रंक नऊ वर्षं. स्टोव्ह चार. भिंतीवरचं कॅलेंडर अकरा महिन्यांचं, म्हणजे बरीच पानं फाडलेली आणि वरची कड धुरकटलेली. वर्तमानपत्र एक दिवस. ट्रंक घासून पुन्हा रंगवली, स्टोव्हला पॉलिश, वर्तमानपत्र ताज्या न्यूजप्रिंटवर छापून घेतलं. त्याचं नाव आम्ही बनवलेलं, कारण खरं नाव वापरलं की परवानगीचं लचांड. स्टीलची भांडी सगळी परत केली, पितळी ठेवली. आतून कल्हई करून घ्यायला कल्हईवाला शोधावा लागला आणि तो मिळाला हेच नशीब.

७ फेब्रुवारी

पेंटर काकांनी भिंतींना पन्नास वर्षं घातली. पहिल्या हातात ती सगळीकडे सारखीच आली, वर खाली डावीकडे उजवीकडे एकसारखी मळकट. अशी भिंत फक्त सेटवर असते. घरातली भिंत माणसं जिथे टेकतात तिथे मळते. चटईवर बसून पाठ टेकली की डोकं जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास येतं, तिथे खोबरेल तेलाचा गोल डाग. दिव्याच्या गोल काळ्या बटणाभोवती बोटांचं वर्तुळ. दाराच्या चौकटीला, आत शिरताना हात लागतो त्या उंचीवर, लाकूड गुळगुळीत आणि गडद. स्टोव्हमागची काजळी वर जाताना रुंद होत जाते. आम्ही दोघं जमिनीवर बसलो, पाठ टेकली, खडूनं खुणा केल्या आणि काकांनी तेवढ्याच जागा रंगवल्या. बाकीची भिंत धुऊन उजळ केली. फार देखणं काम झालं.

१० फेब्रुवारी

आणि ते पुसावं लागलं.

आजीचं काम करणाऱ्या बाई सेट बघायला आल्या. वयानं ऐंशीच्या पुढे, लहानपण गिरगावातच गेलेलं. खोलीत आल्या, चटईवर बसल्या, भिंतीकडे बघून म्हणाल्या, “छान केलंयस गं. पण दिवाळीला चुना नाही का मारला ह्यांनी?”

१९५६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. आमची गोष्ट त्यानंतर पंधरवड्यानं. गॅलरीत आकाशकंदील टांगायचं मी लक्षात ठेवलं होतं, आणि ज्या घरात बाई रोज स्टोव्ह राखेनं घासते त्या घराच्या भिंती दिवाळीतही मळक्याच राहिल्या होत्या. पन्नास वर्षं बरोबर होती, त्यांच्यावरचे पंधरा दिवस राहिले होते. माझाच प्रश्न मी भिंतीला विचारला नव्हता.

शूट दोन दिवसांवर. काकांना फोन केला, ते काही बोलले नाहीत, फक्त ‘नीळ आणा’ म्हणाले.

घरच्या घरी मारलेला चुना कसा असतो ते नीट लिहिते, कारण हे कुठल्या पुस्तकात नाही. ब्रशचे फटकारे आडवे-उभे दिसतात, रंगाऱ्यानं मारल्यासारखे एका दिशेत नसतात. कपाट हलवलेलं नसतं, त्यामुळे त्याच्या कडेनं मळकी भिंत बोटभर दिसते. वरच्या फळीच्या वर कुणी चढलेलं नसतं, तिथे जुनंच. बटणाच्या लाकडी पाटीवर पांढरे शिंतोडे, दाराच्या चौकटीवर पुसलेला हात. आणि तेलाचा डाग चुन्याखालून परत वर येतो, फिकट, पिवळसर. म्हणजे काकांचं काम पूर्ण वाया गेलं नाही. पातळ हात दिला आणि डाग खालून तेवढेच झिरपू दिले. खाली गेरूचा पट्टा, त्याची वरची रेघ थोडी वाकडी.

चुना खरा वापरला नाही. सुकायला वेळ लागतो आणि नटांच्या कपड्यांना लागतो. कोरडा डिस्टेंपर, थोडी नीळ, पकडीला फेव्हिकॉलचं पाणी. पहिला हात कॅमेऱ्यातून बघितला तर भिंत डोळ्यांवर येत होती. लहान खोलीत पांढरी भिंत सगळीकडून उजेड परत फेकते, चेहऱ्यावरची सावलीच जाते. कॅमेरामन वैतागला, त्याचं चुकलं नाही. रंगात कच्चा अंबर (मातकट तपकिरी रंग) आणि किंचित काळा मिसळून दोन पायऱ्या खाली आणला. डोळ्यांना तो राखाडी दिसतो, पडद्यावर पांढरा. फरक घरी मोबाइलवर बघू नका, शूटच्या कॅमेऱ्यावर, शूटच्या दिव्यात बघा.

१२ ते २१ फेब्रुवारी

शूट. आर्टचं काम इथे संपतं असं बाहेरच्यांना वाटतं. सुटी भिंत दर वेळी परत लावली की सांध्याला रंगाचा हात लागतो, म्हणून त्याच मिश्रणाचा डबा झाकण लावून सेटवर ठेवायचा. आयत्या वेळी कालवलेला रंग जुळत नाही. एका दुपारी धुराचं मशीन जास्त चाललं आणि धुराच्या तेलकटपणानं फरशी निसरडी झाली, नट घसरता घसरता वाचला. तेव्हापासून प्रत्येक टेकआधी कोरडं फडकं.

२२ फेब्रुवारी

सेट उतरवला. प्लाय आणि बॅटन (लाकडी पट्ट्या) सुतार घेऊन गेले, त्यांच्या हिशेबात वळते केले. फरशी विकली, अर्धे पैसे सुटले. एकूण खर्च अकरा लाख चाळीस हजार. वरचे चाळीस निर्मात्यानं तोंडी मान्य केले. तोंडी मान्य केलेल्याचं त्याच रात्री ईमेल करून ठेवावं, हे मी पंधरा वर्षांपूर्वी असिस्टंट असताना एका सिनेमात पूर्ण मानधन बुडाल्यावर शिकले.

दाराची भिंत मोडू दिली नाही. झडपा, चौकट, बटणाची पाटी आणि डावीकडचा चार फुटांचा तुकडा मिस्त्रींच्या गोडाऊनमध्ये ठेवला. प्रॉडक्शन म्हणालं कशाला, सगळं शूट झालंय.

९ एप्रिल

एडिटमधून निरोप आला : नायक कडी काढतो त्याचा क्लोज हवा, शिवाय दाराबाहेरून आत येणाऱ्या बहिणीचा एक शॉट. भिंत टेम्पोनं आणली, डब्यातला उरलेला रंग सुकून दगड झाला होता, काकांनी नव्यानं कालवला. फ्रेम लहान असल्यामुळे जुळला. दुपारपर्यंत दोन्ही शॉट झाले. गोडाऊनच्या दीड महिन्याच्या भाड्याचं बिल मी बाकीच्या चाळीस हजारांसोबत पाठवलंय.